हॉकी खेळून पुढे काय?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

एकतीस वर्षं मी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलींच्या भाषेत सांगायचं तर मी पी. टी.च्या बाई. निवृत्त झाले, पण सवय सुटत नाही. आजही दर रविवारी सकाळी साडेसहाला मी आमच्या भागातल्या मैदानावर जाते आणि पंधरा-वीस मुलींना हॉकी शिकवते.

गेल्या जूनमधली गोष्ट. सराव संपला आणि एका मुलीची आई माझ्याजवळ येऊन थांबली. मुलगी नववीत, पायांत चपळाई, नजर तेज. आई म्हणाली, ‘‘बाई, पोरगी चांगली खेळते असं तुम्ही म्हणता, मलाही बरं वाटतं. पण पुढच्या वर्षी दहावी आहे. क्लास लावायचाय. हॉकी खेळून पुढे काय?’’

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, ‘‘अहो, उद्या देशाकडून खेळेल!’’ त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘देशाकडून किती जणी खेळतात?’’ मी म्हटलं, ‘‘ऑलिंपिकला सोळा जणींचा संघ असतो.’’ ‘‘मग बाकीच्यांचं काय?’’ त्या म्हणाल्या आणि मुलीची सॅक खांद्याला अडकवून निघाल्या.

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला विचारला होता, आणि तेव्हाही मला उत्तर आलं नव्हतं. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या प्रश्नाबद्दल.

माझं कॉलेज पुण्यात झालं. त्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर एलायझा नेल्सन होत्या. पुण्याची मुलगी १९८०ला मॉस्को ऑलिंपिकला गेली, १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताची कर्णधार झाली, सुवर्णपदक घेऊन आली आणि पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. आम्हाला वाटायचं, आपणही अशाच जाऊ. मी विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं खेळले. मग बी.ए. झालं, आणि एके दिवशी लक्षात आलं की आता खेळायचं कुठे? विद्यापीठाचा संघ विद्यार्थिनींचा. देशाच्या संघात जाण्याइतकी मी मोठी खेळाडू नव्हते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरी पायरीच नव्हती. माझी स्टिक माळ्यावर गेली. पुढे तिचा उपयोग अंगणातल्या कैऱ्या पाडायला झाला.

मध्ये जी पायरी नव्हती, तिचं नाव लीग. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत तिला साखळी म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. राष्ट्रीय संघ आणि साखळी यांत फरक काय, ते आधी नीट समजून घेऊ या.

राष्ट्रीय संघ म्हणजे कळस. देशातल्या सर्वोत्तम मुली निवडायच्या, त्यांचं शिबिर घ्यायचं आणि स्पर्धेला पाठवायचं. तो वर्षातून काही आठवडे खेळतो, कधी काही महिने. साखळी म्हणजे ठरलेल्या संघांनी ठरलेल्या दिवसांत एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळणं. आज हरलात तर पुढच्या आठवड्यात परत मैदानात उतरायचं. बाद फेरीच्या स्पर्धेत एका वाईट दिवसानं सगळं संपतं. साखळीत वाईट दिवस पचवता येतो, आणि शिकणं तिथेच होतं. शिवाय साखळीत संघ अनेक असतात, म्हणजे जागा अनेक असतात. पहिल्या सोळांत नसलेल्या सतराव्या, चाळिसाव्या आणि शंभराव्या मुलीलाही खेळायला कारण उरतं. साखळीत पैसे मिळत असतील, तर घरी सांगायला उत्तरही मिळतं.

आपल्याकडे कळस होता, पण खालचं बांधकाम अर्धंच राहिलं. कसं ते पाहा. १९७४ साली महिलांचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारत चौथा आला. १९८०ला मॉस्कोत महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली. सहाच संघ होते आणि पाश्चात्त्य देशांनी बहिष्कार टाकला होता, हे खरं. पण आपण तिथेही चौथे आलो, आणि सुवर्ण जिंकलेल्या झिंबाब्वेशी आपला सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता. म्हणजे गुणवत्तेची वानवा नव्हती. पण त्यानंतर आपल्या मुली पुन्हा ऑलिंपिकला पात्र ठरल्या त्या थेट २०१६ला, रिओत. छत्तीस वर्षं! एका खेळाडूची मुलगी खेळून निवृत्त व्हावी इतका काळ. मधे यश मिळालं नाही असं नाही. २००२ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपण इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच संघाच्या कामगिरीवरून ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट सुचला, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण ही यशं पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी, पाऊस थांबला की पात्र कोरडं.

या कोरड्या वर्षांत मुलींना धरून ठेवलं ते प्रामुख्यानं रेल्वेनं. हे कृतज्ञतेनं सांगायला हवं. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेनं मुलींना नोकऱ्या दिल्या, सरावाला सवलत दिली आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं वरचढ राहिला. छोट्या गावातल्या, हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलीसाठी ती नोकरी म्हणजे सगळ्या कुटुंबाचं कल्याण. तरीही नोकरी आणि साखळी या वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीनं पोट भरतं. खेळ सुधारायला सामने लागतात, तेही तुल्यबळ संघांशी आणि नेमानं. वर्षातून मोजक्या स्पर्धा खेळून ते होत नाही.

नेमानं खेळणं म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर नेदरलँड्सकडे पाहावं. लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी, म्हणजे आपल्या मुंबईएवढीच म्हणा ना. त्या देशाच्या महिलांनी २०२२पर्यंत नऊ विश्वचषक जिंकले आहेत. टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं त्यांच्याकडे गेली. तिथल्या हॉकी संघटनेची सभासदसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे आणि त्यात मुली-बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत.

तिथे खेळ शाळेत नसतो, क्लबात असतो. गावोगावी क्लब आहेत. त्यात सहा-सात वर्षांच्या चिमुरड्यांपासून चाळिशी-पन्नाशीच्या बायकांपर्यंत सगळ्यांचे संघ असतात आणि प्रत्येक संघाची आपापली साखळी असते. शनिवार-रविवारी सामने. या पायऱ्यांवर सगळ्यात वर बारा क्लबांची महिलांची मुख्य साखळी आहे, ती १९८१पासून चालू आहे. डेन बॉश नावाच्या क्लबनं १९९८पासून ती वीसहून अधिक वेळा जिंकली. जगभरातल्या खेळाडूही तिथे खेळायला जातात. आता विचार करा. तिथली एखादी मुलगी राष्ट्रीय संघात आली नाही, म्हणून तिची स्टिक माळ्यावर जात नाही. ती पुढच्या शनिवारी क्लबाकडून खेळते, नोकरी करते, लग्न झालं तरी खेळते, आणि पुढे तिथेच आपल्या मुलीला घेऊन येते. राष्ट्रीय संघ निवडणाऱ्यांना दर आठवड्याला शंभर-दीडशे मुली स्पर्धेच्या ताणाखाली खेळताना दिसतात. त्यांचे नऊ विश्वचषक या शनिवार-रविवारांमधून आले आहेत.

आता मी तुम्हाला जरा थंड मुलुखात नेते. तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईच्या बाईला बर्फावरच्या हॉकीचं काय पडलंय? पण साखळीसाठी महिला खेळाडू जितक्या उघडपणे भांडल्या त्या बर्फावरच, आणि त्या भांडणातून आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आइस हॉकी ज्यांनी पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्फाच्या मैदानाला रिंक म्हणतात. पायांत पोलादी पात्याचे स्केट्स. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. एका वेळी गोलरक्षक धरून सहा जणी बर्फावर असतात. वेग इतका, की पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळलं की खेळाडू बाहेर येते आणि दुसरी आत उडी घेते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगानं धडकून पाडायला मुभा आहे, महिलांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती नाही. त्यामुळे महिलांच्या खेळात स्केटिंग आणि पासिंगला अधिक महत्त्व येतं.

महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९०ला कॅनडात, ओटावा शहरात झाली. यजमान संघाला गुलाबी पोशाख दिला होता, प्रेक्षक यावेत म्हणून! प्रेक्षक आले, आणि कॅनडानं अंतिम सामन्यात अमेरिकेला ५-२ असं हरवलं. १९९८ला नागानोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हापासून २०२२पर्यंत झालेल्या सातही ऑलिंपिकचं सुवर्ण अमेरिका किंवा कॅनडा यांच्याकडेच गेलं.

तुम्हाला वाटेल, जगज्जेत्या संघातल्या मुली म्हणजे ऐशआरामात असतील. वस्तुस्थिती उलट होती. ऑलिंपिक संपलं की चार वर्षं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही होता. २००७ला कॅनडात महिलांची एक लीग सुरू झाली. तिनं पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगारच दिला नाही. २०१७मध्ये द्यायला लागली, तेही हंगामाला दोन हजार ते दहा हजार डॉलर. खेळाडू दिवसा नोकरी करायच्या, रात्री सराव आणि शनिवार-रविवारी सामने. अमेरिकेत २०१५ला दुसरी लीग निघाली. तिनं पगार सुरू केला खरा, पण त्यावर घर चालणं कठीण होतं.

मग आलं २०१७ साल. महिलांची जागतिक स्पर्धा अमेरिकेतच, मिशिगन राज्यात व्हायची होती. यजमान संघ गतविजेता. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असताना अमेरिकेच्या खेळाडूंनी जाहीर केलं, की योग्य मानधन आणि मुलींच्या हॉकीसाठी तरतूद झाल्याशिवाय आम्ही खेळणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की संघटनेकडून आम्हाला ऑलिंपिकच्या वर्षात सहा महिने महिना हजार डॉलर मिळतात, बाकी काळ जवळजवळ काहीच नाही. संघटनेनं दुसऱ्या खेळाडूंची चाचपणी सुरू केली. आणि इथे मला त्या मुलींचं फार कौतुक वाटतं. कॉलेजच्या आणि त्याहून लहान गटांतल्या मुलींनीही एकामागून एक नकार दिला. देशाचा पोशाख घालायची संधी दारात आलेली, आयुष्यात पुन्हा येईल न येईल, तरी त्या नाही म्हणाल्या. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना २८ मार्चला करार झाला. मग त्याच संघानं मैदानात उतरून अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत ३-२ असं हरवलं आणि विजेतेपद राखलं.

पण एका करारानं साखळी उभी राहत नाही. २०१९च्या वसंतात कॅनडातली लीग आर्थिक कारणानं बंद झाली. त्या वर्षी मे महिन्यात दोनशेहून अधिक खेळाडूंनी ठरवलं, की जिथे नीट पगार, विमा आणि सोयी नाहीत अशा उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही लीगमध्ये आम्ही येत्या हंगामात खेळणार नाही. त्यांनी आपली संघटना केली, गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळल्या आणि वाट पाहिली. खेळाडूचं आयुष्य किती लहान असतं! पंचविशीतली वर्षं अशी पणाला लावणं सोपं नाही.

त्याला फळ आलं. १ जानेवारी २०२४ला टोरांटोत व्यावसायिक महिला हॉकी लीगचा पहिला सामना झाला. सुरुवातीला सहा संघ होते, २०२५च्या हिवाळ्यात सुरू झालेल्या हंगामापासून व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल धरून आठ झाले. पहिला चेंडू, म्हणजे पहिली चकती पडण्याआधीच खेळाडूंच्या संघटनेशी लेखी करार झाला होता. पहिल्या हंगामाला किमान पगार ३५ हजार डॉलर, आणि सरासरी ५५ हजार. पुरुषांच्या लीगमध्ये त्याच हंगामाचा किमान पगार पावणेआठ लाख डॉलर होता, हेही लक्षात ठेवा. दरी मोठी आहे. पण आता हॉकी हीच नोकरी आहे, असं त्या मुली म्हणू शकतात. आणि महिलांची हॉकी पाहायला येतं कोण, असं विचारणाऱ्यांनाही उत्तर मिळालं. २० एप्रिल २०२४ला माँट्रियलमधला सामना पाहायला २१,१०५ प्रेक्षक आले. महिलांच्या आइस हॉकीतला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

आपल्या देशातही बर्फावर खेळणाऱ्या मुली आहेत, लडाखमध्ये. तिथे तळी गोठली की तीच रिंक. हे नैसर्गिक बर्फ वर्षातून जेमतेम दोन महिने टिकतं. तेवढ्यात शिकायचं, खेळायचं आणि संघ निवडायचा. आपला महिला संघ २०१६ला पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत उतरला, तेव्हा एकही सामना जिंकला नाही. पुढच्या वर्षी बँकॉकला जायचं तर लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. तिथे त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. भारताच्या महिलांचा आंतरराष्ट्रीय आइस हॉकीतला तो पहिला विजय. २०२५ला संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनला झालेल्या आशिया चषकात त्याच संघानं कांस्यपदक मिळवलं. वाळवंटात मिळालेलं बर्फाचं पदक! या संघाची अनेक वर्षांची गोलरक्षक नूरजहाँ ही उदरनिर्वाहासाठी काय करते, ठाऊक आहे? जुनी थांका चित्रं आणि मठांतली भित्तिचित्रं जतन करण्याचं काम. ते काम मोलाचंच आहे. पण खेळाडूचा निर्वाह खेळावर होत नाही, हेही त्यातून कळतंच.

आता बर्फावरून परत आपल्या हिरव्या-निळ्या टर्फवर येऊ या. २ ऑगस्ट २०२१, टोकियो. उपांत्यपूर्व फेरीत गुरजित कौरच्या एका गोलावर भारतानं ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. कर्णधार राणी रामपाल, हरियाणातल्या शाहाबादची, वडील गाडी ओढून घर चालवायचे. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून आपण ४-३ असे हरलो. पुन्हा चौथे. त्या दिवशी सगळा देश या मुलींबरोबर रडला. पण अडीच वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, रांचीच्या मैदानावर जपाननं आपल्याला १-० असं हरवलं आणि पॅरिस ऑलिंपिकचं दार बंद झालं, तेव्हा किती जणांच्या लक्षात राहिलं? कळसाचं असंच असतं. वीज चमकली की दिसतो, नाही तर अंधार.

त्याच मैदानावर पुढच्या जानेवारीत एक नवी गोष्ट सुरू झाली. मैदानाला नाव आहे जयपालसिंग मुंडा यांचं. १९२८ला भारताला हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं, त्या संघाचे हे कर्णधार. १२ जानेवारी २०२५ला तिथे महिलांच्या हॉकी इंडिया लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. पुरुषांची लीग २०१३ला आली होती, २०१७नंतर बंद पडली आणि डिसेंबर २०२४ला पुन्हा उभी राहिली. या वेळी मुलींनाही जागा मिळाली. चार संघ. त्याआधी ऑक्टोबरमध्ये लिलाव झाला. खेळाडूंचा लिलाव हा शब्द मला आजही खटकतो, पण आकडे ऐका. उदिता दुहानला ३२ लाख रुपये मिळाले, नेदरलँड्सच्या यिब्बी यान्सनला २९ लाख. मुलींच्या संघाला खर्चाची मर्यादा दोन कोटी, मुलांच्या संघाला चार कोटी. निम्मंच. तरीही शून्यापेक्षा पुष्कळ.

प्रजासत्ताकदिनी अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला २-१ असं हरवलं. विजेत्या संघाचे दोन्ही गोल केले ते ऋतुजा पिसाळनं, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मुलीनं. याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे राष्ट्रीय संघापर्यंत पोचल्या आहेत. मी तो सामना टीव्हीवर पाहत होते. दुसरा गोल झाला तेव्हा शेवटची चार-पाच मिनिटं उरली होती, आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. ज्या संघात यिब्बी यान्सनसारखी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली खेळाडू होती, त्या संघाचं विजेतेपद साताऱ्याच्या मुलीच्या स्टिकनं आलं. साखळी नसती, तर या दोघींनी एका बाजूनं खेळण्याचा प्रसंगच आला नसता. असे पंधरा दिवस म्हणजे दहा शिबिरांचं शिक्षण.

पण मी नववीतल्या मुलीच्या आईला खोटं सांगणार नाही. ही साखळी अजून फार लहान आहे. दोन आठवडे, चार संघ, एक शहर. दुसरा हंगामही डिसेंबर २०२५च्या अखेरीस रांचीतच सुरू झाला. दोन आठवड्यांच्या पैशांवर वर्षाचं घर चालत नाही. साताऱ्याच्या मुलीचा सामना साताऱ्याच्या लोकांना मैदानावर जाऊन पाहता येत नाही. नेदरलँड्समध्ये सगळ्यात वरच्या साखळीखाली अनेक पायऱ्या आहेत. आपण वरची पायरी आधी बांधली. ती टिकायची तर खालच्या बांधायला हव्यात.

त्या बांधायला कोट्यवधी लागत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात सहा शाळा किंवा मंडळं एकत्र आली आणि पावसाळा संपल्यावर दर रविवारी सामने ठेवले, तर प्रत्येक मुलीला वर्षाला दहा सामने मिळतील. आज आमच्या शाळांच्या मुलींना वर्षाकाठी दोन-तीन मिळतात. पहिल्या फेरीत हरलं की संपलं, पुढच्या वर्षी या! दहावीनंतर कॉलेजची साखळी, कॉलेजनंतर शहराची. निवड होवो न होवो, खेळ चालू राहील अशी सोय. एवढं झालं तर कोणाची स्टिक कैऱ्या पाडायला जाणार नाही.

मधे एक रविवार गेला आणि त्या आई पुन्हा भेटल्या. या वेळी मी तयारी करून गेले होते. म्हटलं, ‘‘ताई, त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच उत्तर दिलं. देशाकडून खेळेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक जणी खेळत नाहीत, मीही खेळले नाही. पण माझ्या वेळी एकच दार होतं, आता तीन-चार आहेत. सरकारी क्रीडा प्रबोधिनी आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आहे. आणि आता लीग आहे. एकाही दाराची हमी मी देत नाही. दहावीचा क्लास लावा, जरूर लावा. रविवारची सकाळ तेवढी तिला राहू द्या.’’

त्या जरा वेळ मैदानाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आणि बाकीच्यांचं काय, ते नाही सांगितलंत.’’

मी म्हटलं, ‘‘त्यासाठीच तर आसपासच्या चार शाळांना पत्रं लिहिली आहेत. दोघांची उत्तरं आलीत. आणखी दोन संघ मिळाले की आपली साखळी सुरू.’’

परवाच्या रविवारी ती मुलगी आली. साडेसहाला, क्लासची वही सॅकमध्ये घेऊनच. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या शाळेत हॉकी खेळणाऱ्या अकरा मुली असतील, तर त्यांना या साखळीत यायचं खुलं आमंत्रण आहे.